तीन महिने तालीम आणि प्रयोग एकच : संगीत नाटक नेमकं कोण जगवतंय?

जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावेंचा 'संगीत मानापमान' हा सिनेमा आला, तेव्हा फीडवर एक चर्चा जोरात होती. नाट्यसंगीत परत येतंय का? २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आला होता तेव्हाही अगदी हीच चर्चा झाली होती. रील्स आले, रिंगटोन बदलल्या, लोकांनी आजोबांच्या कॅसेट शोधून काढल्या.

पण 'परत येतंय का' या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, संगीत नाटक मधल्या काळात कुठेतरी गेलं होतं.

ते गेलं नव्हतं. रत्नागिरीत, सांगलीत, पुण्यात, गोव्यातल्या गावागावांत ते चालूच होतं आणि आजही आहे. फक्त ते करणारी माणसं पोस्टरवर दिसत नाहीत. दिवसा बँकेत काउंटरवर बसणारी, शाळेत गणित शिकवणारी, दुकान सांभाळणारी ही माणसं. संध्याकाळी सात-साडेसातला कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये जमतात, सतरंजी अंथरतात आणि 'सौभद्र'ची तालीम सुरू करतात.

हे हौशी कलाकार आणि दिग्दर्शक कोणत्या परिस्थितीत काम करतात, त्यांची खरी अडचण काय आहे आणि ती प्रेक्षकांच्या कमतरतेची का नाही, ते बघू.

सुरुवातच एका नोकरदाराने केली होती

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. त्या दिवशी सातपैकी पहिले चारच अंक झाले होते. हे तुम्ही शाळेत कधीतरी वाचलं असेल. पण शाळेच्या पुस्तकात सहसा नसणारी गोष्ट अशी, की तेव्हा किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करत होते. म्हणजे मराठी संगीत नाटकाचा पहिला दिग्दर्शकसुद्धा कचेरी सुटल्यावर तालीम घेणारा माणूस होता.

पुढे नाटक कंपन्या आल्या आणि चित्र बदललं. कंपनी म्हणजे एक फिरतं घरच असायचं. लहान मुलगा कंपनीत यायचा, तिथेच जेवायचा, झोपायचा, तालीम मास्तरांकडून संवाद आणि गवयाकडून गाणं शिकायचा. रोज रात्री विंगेत उभं राहून मोठ्यांची कामं बघायचा. काही वर्षांनी एखादी छोटी भूमिका मिळायची, मग मोठी. तोपर्यंत त्याला पूर्ण नाटक तोंडपाठ झालेलं असायचं.

१९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि या कंपन्यांच्या पायाखालची जमीन सरकायला लागली. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' सिनेमात काम केलं, यावरून वारं कुठल्या दिशेने वाहत होतं ते कळतं. १९६० च्या दशकात विद्याधर गोखले यांचं 'पंडितराज जगन्नाथ', वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा', पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार' अशा नाटकांनी पुन्हा बहर आणला. पण मुलांना घडवणारी ती जुनी कंपनी काही परत आली नाही. तिचं काम कुणाकडे आलं? हौशी संस्थांकडे. पुण्याचं भरत नाट्य संशोधन मंदिर १८९४ पासून उभं आहे आणि आजही तिथे संगीत नाटकं होतात.

तालमीत नेमकं काय होतं

इथे मी थोडं स्वतःबद्दल सांगते. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला असताना मी आमच्या भागातल्या एका हौशी ग्रुपबरोबर 'सौभद्र'च्या तालमींना जायचे. मला गाता येत नाही, अभिनयही येत नाही. म्हणून मला प्रॉम्प्टिंगला बसवलं होतं. सगळ्यांच्या चुका रोज ऐकायला मिळतात अशी ही एकमेव जागा.

पहिल्या आठवड्यात जो पेच येतो तो बहुतेक प्रत्येक संगीत नाटकात येतो. गाणारा माणूस घ्यायचा की अभिनय येणारा? दोन्ही येणारा मिळाला तर त्याला नेमकी रात्रपाळी असते. आमच्या ग्रुपने गाणारा कृष्ण घेतला आणि त्याला बोलायला शिकवायचं ठरवलं. दिग्दर्शकांचं म्हणणं होतं की तीन महिन्यांत बोलणं सुधारतं, गळा तयार होत नाही. मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं होतं, कारण चांगला नट बाहेर बसला होता. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

खरी अवघड जागा मात्र गद्यातही नाही आणि पदातही नाही. ती या दोघांच्या मधल्या फटीत आहे. संवाद संपतो, ऑर्गन सूर देतो आणि नटाने त्या क्षणी पात्र न सोडता गायला लागायचं. आमचा कृष्ण सुरुवातीला इथे अंग सावरून, घसा साफ करून, मैफिलीला बसल्यासारखा उभा राहायचा. रुक्मिणी बिचारी तोवर काय करणार? ती नुसती बघत राहायची.

याला यूट्यूबही थोडं जबाबदार आहे. आज एखादं नाट्यपद शिकायचं म्हटलं की आपण यूट्यूब उघडतो. तिथे समोर काय येतं, तर त्या पदाचं मैफिलीतलं रूप. आठ-दहा मिनिटं, भरपूर आलाप, ताना. नाटकात मात्र तेच पद एखाद्या भांडणाच्या किंवा रुसव्याच्या मधोमध येतं. तिथे दहा मिनिटं थांबलं तर गोष्ट मरते. त्यामुळे दिग्दर्शकाचा निम्मा वेळ गायकाने मेहनतीने बसवलेल्या ताना कापण्यात जातो आणि निम्मा वेळ त्याची समजूत काढण्यात.

कापाकापी फक्त तानांची नसते. मूळ 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं आहेत, 'सौभद्र'मध्ये शंभराहून जास्त. जुने प्रयोग रात्रभर चालायचे, त्यात वन्स मोअर वेगळेच. आता स्पर्धेत वेळेची चौकट असते आणि प्रेक्षकाला शेवटची बस किंवा लोकल पकडायची असते. त्यामुळे अडीच-तीन तासांत बसेल अशी रंगावृत्ती करावी लागते. कुठलं पद ठेवायचं यावरून आमच्याकडे दोन संध्याकाळी वाद चालला होता. लोकप्रिय पद काढलं तर प्रेक्षक चिडणार, कथा पुढे नेणारं काढलं तर नाटक लंगडं होणार.

काळी चार की काळी एक?

आता एक असा प्रश्न, जो गद्य नाटकाच्या दिग्दर्शकाला आयुष्यात पडत नाही.

संगीत नाटकातल्या अनेक गाजलेल्या नायिका पहिल्यांदा पुरुषांनी रंगवल्या. 'मानापमान'मधली भामिनी १९११ मध्ये बालगंधर्वांनी केली. नायक आणि नायिका दोघंही पुरुष असले की आवाजांच्या पट्ट्या जवळजवळ असतात. आज भामिनी आणि सुभद्रा बायका करतात, आणि करायलाच हव्यात. पण बाईचा गळा साधारण काळी चार-पाचच्या आसपास आणि पुरुषाचा काळी एक-दोनच्या आसपास रमतो. म्हणजे एकाच प्रवेशात नायकाचं पद एका पट्टीत आणि लगेच नायिकेचं दुसऱ्या. तबलजीला शेजारी दोन तबले लावून ठेवावे लागतात. ऑर्गनवाल्याची बोटं त्याच पदाला रोज वेगळ्या जागी पडतात. आणि दोघांचं एकत्र पद असेल तर कुणीतरी एक जण आपल्या गळ्याला न मानवणाऱ्या पट्टीत गातो. बहुतेक वेळा ती बाईच असते, असं माझं निरीक्षण. यावर तालमीत कुणी फार बोलत नाही.

ऑर्गन : सगळ्यात दुर्मिळ पात्र

तुम्ही संगीत नाटक बघितलं असेल तर रंगमंचाच्या पुढ्यात एका बाजूला तबला आणि दुसऱ्या बाजूला कपाटासारखं एक वाद्य दिसलं असेल. तो ऑर्गन. पायाने भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. पेटीपेक्षा याचा सूर भरीव आणि लांब टिकणारा, त्यामुळे माईक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा.

अडचण अशी की हे ऑर्गन मुळात परदेशातून आले होते आणि तिकडे त्यांचं उत्पादन विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जवळपास थांबलं. आपल्याकडे जे आहेत ते बहुतेक जुने, जपून वापरलेले, पुन्हापुन्हा दुरुस्त केलेले. कोकणच्या दमट हवेत त्यांच्या पट्ट्या अडकतात. आणि वाद्य एक वेळ मिळेल, वाजवणारा मिळणं त्याहून कठीण. कारण फक्त स्वर येऊन भागत नाही. नटाचा श्वास कुठे तुटतो, तो कुठली ओळ विसरणार आहे, संवादाच्या कुठल्या शब्दावर सूर द्यायचा, हे सगळं वाजवणाऱ्याला माहीत असावं लागतं.

म्हणून एकच ऑर्गनवादक एकाच मोसमात अनेक ग्रुपना साथ करताना दिसतो. आमच्या वाट्याला आमचे काका चारच तालमींना आले. बाकी सगळ्या तालमी साध्या पेटीवर आणि मोबाइलच्या तानपुरा ॲपवर झाल्या. प्रयोगाच्या दिवशी टेम्पोतून ऑर्गन उतरला, काकांनी सूर धरला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. तालमीच्या पेटीपेक्षा तो किंचित चढा होता. अर्ध्या सुराहूनही कमी फरक. पण तीन महिने ज्या उंचीवर सवय केली ती उंचीच सरकली होती. तबलजी हातोडी घेऊन बसला. सुभद्रा मेकअपच्या खुर्चीत डोळे मिटून नवा सूर घोळवत होती आणि मेकअपवाले तिला हलू नका म्हणून सांगत होते.

प्रयोग झाला, बराही झाला. पण पहिल्या अंकात तीन ठिकाणी सूर हलला, आणि तो का हलला हे प्रेक्षकांत कुणाला कळण्याचं कारण नव्हतं.

आणि मग? दुसरा प्रयोग कधी?

हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा प्रश्न.

महाराष्ट्र सरकारचं सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धा घेतं. ही स्पर्धा १९५४ पासूनची परंपरा आहे. त्यात हौशी नाटकांसाठी, बालनाट्यांसाठी, संस्कृत आणि हिंदी नाटकांसाठी वेगळे विभाग असतात, तसाच संगीत नाटकांसाठीही स्वतंत्र विभाग आहे. गाण्यासाठी आणि साथीसाठी वेगळी बक्षिसं असतात. ही स्पर्धा नसती तर आज निमशहरी महाराष्ट्रात संगीत नाटक शोधूनही सापडलं नसतं. हे श्रेय सरकारला द्यायलाच हवं.

पण स्पर्धेचा स्वभावच असा आहे की ती एक प्रयोग मागते. ग्रुप त्या एका तारखेसाठी नाटक उभं करतो. नेपथ्य भाड्याने, ड्रेपरी भाड्याने, प्रकाशयोजनेचं सामान भाड्याने, वादकांचं मानधन, टेम्पो, सगळ्यांचं जेवण. स्पर्धेकडून ठरावीक रक्कम मिळते, उरलेलं सभासद आपल्या खिशातून घालतात. पडदा पडला की दुसऱ्या दिवशी ड्रेपरी परत. अंतिम फेरीची संधी किंवा एखाद्या महोत्सवाचं बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर ते नाटक तिथेच संपतं.

गद्य नाटकालाही हे लागू होतं, पण संगीत नाटकाचं नुकसान जास्त आहे. गाणं आणि अभिनय एकमेकांत मुरायला प्रयोगच लागतात, तालमीने ते होत नाही. प्रेक्षक समोर असताना कुठे थांबायचं, टाळी आली तर पात्र न सोडता ती कशी झेलायची, दमलेल्या गळ्याने तिसरा अंक कसा काढायचा, हे दहाव्या-पंधराव्या प्रयोगात कळतं. कंपनीतल्या नटाला तेवढे प्रयोग एका मोसमात मिळायचे. आजच्या हौशी गायक नटाला तेवढे मिळायला दहा-पंधरा वर्षं लागतील, आणि तोपर्यंत त्याची भूमिका, पट्टी, कदाचित बदलीमुळे गावही बदललेलं असेल.

व्यावसायिक नाटकांसाठी सरकारची प्रयोगांच्या हिशोबाने अनुदान देणारी योजना आहे. तोच विचार हौशी संगीत नाटकाच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या प्रयोगासाठी का होऊ नये? बक्षिसाच्या रकमेत वाढ झाली की बातमी होते, पण बक्षीस एकालाच मिळतं. शेजारच्या तालुक्यात जाऊन तेच नाटक पुन्हा करायचा खर्च मिळाला तर तो सगळ्यांच्या कामी येईल.

गोव्यात थोडं वेगळं आहे

गोव्यात गावोगावच्या देवळांच्या जत्रेत आणि उत्सवात मराठी नाटक करायची जुनी रीत आहे. करणारे त्याच गावचे हौशी लोक. इथे नाटकाची तारीख परीक्षकांच्या नाही, देवाच्या पंचांगावर ठरते, आणि ती दरवर्षी येतेच. प्रेक्षक म्हणजे अख्खं गाव. शिवाय तिथे गावोगावी भजनी मंडळं आहेत, कला अकादमीची भजन स्पर्धा आहे. त्यामुळे पेटी वाजवणारा, तबला वाजवणारा आणि सुरात गाणारा माणूस घराजवळ सापडतो. मास्टर दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी दोघंही मंगेशीचे, हा योगायोग नसावा.

अर्थात गोव्यातही सगळं आलबेल नाही. पणजीची कला अकादमी, चार्ल्स कोरिया यांनी रचलेली इमारत, नूतनीकरणासाठी बंद होती. जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उघडली, पण नंतर ध्वनी आणि प्रकाश यंत्रणेबद्दल कलाकारांच्या तक्रारी सुरूच राहिल्या.

नाट्यगृहाचा आवाज बिघडला तर व्यावसायिक नाटक स्वतःची यंत्रणा घेऊन येऊ शकतं. हौशी ग्रुपला तिथे जे असेल त्यातच गावं लागतं. कोल्हापूरचं उदाहरण तर अजून जिव्हारी लागणारं आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ मध्ये सुरू झालेलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. त्याला नाव आहे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं, आणि दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, त्यांची जयंती होती. मुंबईत एक नाट्यगृह बंद झालं तर नाटक दुसऱ्या नाट्यगृहात जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक बंद झालं की अनेक ग्रुपांच्या तालमीच थांबतात.

तीच तीच नाटकं का?

कमेंटमध्ये हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. 'सौभद्र', 'शारदा', 'मानापमान', 'स्वयंवर' हीच नाटकं पुन्हापुन्हा का?

आवड हे एक कारण आहेच. दुसरं कारण कायद्यातलं आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर कॉपीराइट राहतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटकं २००८ च्या अखेरीस मोकळी झाली. 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्या चालीही २०१५ नंतर मोकळ्या. उलट 'कट्यार'साठी दारव्हेकरांचे हक्क २०५९ पर्यंत आणि अभिषेकींच्या संगीताचे २०५८ पर्यंत चालतील. नवं नाटक करायचं तर परवानगी आणि मानधन आलं, आणि पूर्णपणे नवीन संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही. खिशातून खर्च करणारा ग्रुप साहजिकच 'सौभद्र'कडे वळतो. परवडण्याचाच मुद्दा आहे, त्याला जुनाटपणा म्हणणं मला पटत नाही.

नवं घडतच नाही असंही नाही. प्राजक्त देशमुख यांचं 'संगीत देवबाभळी' आधी एकांकिका म्हणून स्पर्धेत झालं, मग २०१७ मध्ये दोन अंकी नाटक म्हणून व्यावसायिक रंगमंचावर आलं आणि तुफान चाललं. रंगमंचावर दोनच बायका, आवली आणि लखुबाई, आणि दोघीही गाणाऱ्या. हौशी ग्रुपसाठी यातून काही शिकायचं असेल तर ते हे, की गाणाऱ्या माणसांची संख्या कमी असेल तर त्या संख्येत मावणारं नाटक लिहिता येतं. पंधरा गायकांचा दरबार उभा करायलाच हवा असं नाही.

आमच्या 'सौभद्र'चा दुसरा प्रयोग झाला नाही. कृष्णाची बदली झाली. सुभद्रेचं लग्न झालं, पण ती त्याच शहरात आहे आणि यंदा 'शारदा'मध्ये आहे. ग्रुपने या वेळी एक गोष्ट बदलली आहे. तालमीची पेटी आधीच ऑर्गनच्या सुराला जुळवून घेतली आहे. काकांनी तारखा दिल्यात पाच. गेल्या वेळेपेक्षा एक जास्त.